आपल्या बॅरलला कोणता छर्रा मानवतो? एअर रायफलचे पेलेट तपासण्याची नवख्यांसाठी पद्धत

रेंजवर नव्यानं आलेली पोरं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, अमेरिकेतली माणसं घरीच काडतूस भरतात, रेंजवर नेऊन तपासतात. आपल्याला तसं करता येईल का?" व्हिडिओ बघितलेले असतात. त्यात हाताचा प्रेस असतो, दारूचं माप असतं आणि कागदावर एकाच भोकातून गेलेल्या पाच गोळ्या असतात.

उत्तर लहान आहे: नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला मनाई करतं, आणि बनवण्याबरोबर तपासणंही त्याच कलमात येतं. मराठवाड्यात शेतीसंरक्षणासाठी बारा बोअर बाळगणारी बरीच घरं आहेत, त्यांनाही हेच लागू. त्यांचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, काडतूस भरण्याचा नसतो. गावातला कुणी "मी भरून देतो" म्हणाला तर तिथून उठून यावं.

पण त्या व्हिडिओंमागचा विचार आपल्याला घेता येतो. बंदूक एक, दारूगोळा वेगवेगळा, आणि कोणता एकाच जागी पडतो ते कागदावर बघायचं. १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूलमध्ये हे सगळं कायद्यात बसतं. ४.५ मिमी बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपासच असते. पॉइंट टू टू (.२२ बोअरची काडतुसाची रायफल) वापरणारे ५० मीटरचे नेमबाजसुद्धा काडतूस भरत नाहीत. ते कारखान्यातून आलेले लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, तपासतात. लापुआ या काडतूस कंपनीचं त्यासाठी जर्मनीत शोनेबेकला केंद्र आहे, एली या दुसऱ्या कंपनीचं वेझेलला. नेमबाज आपली रायफल घेऊन तिथं जातो, यंत्रात बसवतो, एकामागून एक लॉट मारून बघतो आणि जो मानवेल त्याच्या पेट्या घेऊन येतो. आपण तेच काम संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या छोट्या दहा मीटर रेंजवर, वाळूच्या पिशव्या आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन करणार आहोत.

हे करायचं कारण एकच. आपल्याकडे पेलेट, म्हणजे छर्रा किंवा दाणा, ऐकीव माहितीवर घेतला जातो. "राज्याला गेलेली ती ताई अमुक डबी मारते" म्हणून सगळा क्लब अमुक डबी मागवतो. ती डबी तिच्या बॅरलला मानवली असेल. तुमचं बॅरल वेगळं आहे. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली एकाच लॉटवर वेगळे ग्रुप (कागदावर पडलेल्या भोकांचा घोळका) देतात, हे कोणत्याही रेंजवर तासाभरात दाखवता येतं.

आधी ठरवा: तुम्हाला हे आत्ता करायचंय का?

बहुतेक नवख्यांना आत्ता करायची गरज नाही. हे मी उगाच टाळायला सांगत नाही, हिशेब मांडून बघा. तुमच्या हातातून येणारा पसारा आणि पेलेटचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही, दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ काढायचं असतं. समजा तुमचा स्वतःचा ग्रुप १२ मिमीचा आहे. चांगला पेलेट १ मिमी पसरतो, साधा २ मिमी. चांगल्या पेलेटनं एकूण पसारा १२.०४ मिमी होईल, साध्यानं १२.१७. फरक सव्वा दशांश मिलिमीटरचा, तो तुम्हाला जन्मात दिसणार नाही. आता ज्याचा ग्रुप ४ मिमीचा आहे त्याचं बघा: ४.१२ आणि ४.४७. फरक ०.३५ मिमी. एअर रायफलच्या टार्गेटवर गुण दशांशात मोजतात आणि दशांशाची प्रत्येक पायरी ०.२५ मिमीची असते, म्हणजे १०.४ चा शॉट १०.३ किंवा १०.२ व्हायला एवढं पुरे.

तेव्हा माझा अंदाज असा: पीप साइटवर (बारीक भोकातून नेम धरायच्या साइटवर) दहा शॉटची सिरीज सातत्यानं शंभरपैकी ९५ च्या वर जायला लागली की पेलेट तपासायला बसा. पिस्तूलवाल्यांनी आणखी थांबावं. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो, पिस्तूलच्या टार्गेटवर दहाची रिंग ११.५ मिमीची. तिथं पेलेट बिघडवेल त्याच्या कितीतरी पट तुमचं मनगट बिघडवतं. शालेय स्पर्धेच्या ओपन साइट प्रकारात देशी स्प्रिंग रायफल मारणाऱ्या लेकरांना तर मी एवढंच सांगतो: एकच ब्रँड धरा, चेपलेले दाणे बाजूला काढा आणि सराव करा.

एक अपवाद आहे. तुम्ही क्लबची बंदूक वापरत असाल तर चाचणी तुमच्यासाठी नसून त्या बंदुकीसाठी होते. ती एकदा कुणीतरी नीट केली की त्या बंदुकीवर शिकणाऱ्या पुढच्या सगळ्यांच्या कामी येते. अशा वेळी सीनियर पोरांनी करावी आणि नवख्यांनी शेजारी बसून नोंदी घ्याव्यात. शिकायला याहून चांगली जागा नाही.

डबीवर काय वाचायचं

स्पर्धेचा पेलेट शिशाचा, पुढून चपटा, कमरेत बारीक आणि मागं पोकळ घेराचा असतो. चपट्या तोंडामुळं कागदात स्वच्छ गोल भोक पडतं. मागच्या पोकळ घेराला सगळे स्कर्ट म्हणतात. हवेच्या दाबानं तो फुलून बॅरलच्या आट्यांना घट्ट बसतो, म्हणून स्कर्ट चेपलेला दाणा कधी सरळ जात नाही.

डबीवर तीन गोष्टी बघा. पहिली वजन: रायफलचे पेलेट बहुतेक ०.५३ ग्रॅमचे, पिस्तूलचे त्याहून हलके, ०.४५ ते ०.४९ ग्रॅम. दुसरी हेड साइझ, म्हणजे तोंडाचा व्यास: ४.४९, ४.५०, ४.५१ असा आकडा असतो. तिसरी, आणि आपल्याकडे कुणीच न वाचणारी, लॉट नंबर. तो बहुधा डबीच्या तळाला किंवा मागच्या स्टिकरवर असतो. आरडब्ल्यूएस आर-१० किंवा एच अँड एन फिनाले मॅच हे नाव सांगून काही ठरत नाही. त्याच नावाचा, त्याच हेड साइझचा पुढचा लॉट दुसऱ्या साच्यातून आलेला असू शकतो. नाव, हेड साइझ आणि लॉट तिन्ही मिळून एक नमुना होतो, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

हेड साइझ घरी मोजायच्या भानगडीत पडू नका. ४.४९ आणि ४.५० मध्ये शंभरांश मिलिमीटरचा फरक आहे. साध्या व्हर्नियरचं लघुतम माप ०.०२ मिमी असतं आणि शिसं इतकं मऊ की जबड्यात धरताना आपणच ते चेपतो. वजनाचंही तसंच. १० मिलिग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर ०.५३ ग्रॅमच्या दाण्यातला फरक कळत नाही. मिलिग्रॅमचा काटा हवा, आणि चांगल्या कंपनीच्या मॅच पेलेटमध्ये वजन करून हाती लागतं ते थोडंच. त्यापेक्षा काचेच्या तुकड्यावर दाणे घरंगळून बघा. नीट दाणा एका वाकात शांत फिरतो, चेपलेला अडखळत उड्या मारतो. उडी मारणारे सरावालाही नकोत.

नमुने जमवणं

पाच प्रकारच्या पाच अख्ख्या डब्या विकत घेणं कुणालाच परवडत नाही. क्लबमधल्या चार-पाच जणांनी मिळून करा. प्रत्येकाची डबी आधीच वेगळी असते, त्यातले पन्नास-साठ दाणे एकमेकांना द्यायचे. काही कंपन्या वेगवेगळ्या हेड साइझचे थोडे थोडे दाणे असलेला टेस्ट पॅकही काढतात, तो मिळाला तर उत्तम. दुकानदाराकडून मागवताना डबीच्या तळाचा फोटो आधी मागवा, लॉट नंबर वाचता येईल असा. मुंबई-पुण्याच्या दुकानातून कुरियरनं येणाऱ्या डबीत दाणे सुटे असतील तर वाटेतल्या आदळआपटीनं वरचे थोडे चेपून येतात. उघडल्यावर पहिला थर नजरेखालून घाला.

एका दिवशी चारपेक्षा जास्त नमुने घेऊ नका. पाचव्यापर्यंत माणूस कंटाळतो आणि कंटाळलेल्या माणसाची नोंद खोटी असते.

रेंजवर बसण्याआधी

वाळूच्या पिशव्या किंवा शिकंजा (बंदूक घट्ट धरणारी लोखंडी पकड) लावून बसलात की एक लेन दोन-तीन तास अडते. सकाळच्या बॅचमध्ये हे करू नका. रेंज ऑफिसरला आधी विचारा, दुपारची रिकामी वेळ मागून घ्या.

सुरक्षेचे नियम नेहमीचेच, पण चाचणीत ते मोडण्याची शक्यता जास्त असते, कारण कागद वारंवार बदलावा लागतो. बंदूक शिकंज्यात अडकलेली असल्यानं तिचं तोंड कायम टार्गेटकडं असतं, म्हणून टार्गेट पुढंमागं नेणारा चेंजर बिघडला की कुणीतरी सरळ पुढं चालत जातं. असं कधीही होऊ देऊ नका. पुढं जाण्याआधी बोल्ट उघडा, बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (बंदूक रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) घाला, मोठ्यानं सांगा, सगळ्या लेनवरून "अनलोड" ऐकू आलं की मगच पाय उचला. डोळ्यावर चष्मा हवा. छर्रा मागच्या लोखंडी पत्र्यावर आदळून त्याचे तुकडे कधीकधी उडतात.

शिशाबद्दल आपल्याकडं फार बेफिकिरी आहे. दाणे दाताखाली धरून लोड करणारी पोरं मी आजही बघतो. शिसं पोटात जातं, आणि लहान वयात त्याचा त्रास जास्त. चाचणीत शे-दोनशे दाणे बोटांतून जातात, तेव्हा तोवर चहा-बिस्किट बंद, आणि उठल्यावर साबणानं हात. पेलेट ट्रॅपजवळची धूळ कोरड्या झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

बंदूक पक्की करणं

सगळ्या चाचणीचा जीव इथं आहे. आपल्याला बंदूक आणि पेलेट तपासायचे आहेत, तुम्हाला नाही. तुम्ही जितके बाजूला व्हाल तितका आकडा खरा.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे टेस्ट शिकंजा. तो जड टेबलाला किंवा भिंतीत गाडलेल्या लोखंडाला बोल्टनं आवळलेला असतो आणि त्यात रायफलचं ॲक्शन (बोल्ट आणि ट्रिगर असलेला मधला भाग) किंवा बॅरल धरतात. आपल्या भागात असा शिकंजा असलेली रेंज विरळाच. असला तरी तो किती हलतो ते आधी तपासा: बंदूक अडकवा, बोल्ट दहा वेळा उघडझाप करा आणि साइटमधून बघा. निशाण जागेवरून सरकलं असेल तर लोड करतानाच ग्रुप मोडणार. कुणा वेल्डिंगवाल्याकडून शिकंजा करून घ्यायचा विचार असेल तर आवळायच्या जागी रबर किंवा चामडं लावायला सांगा, आणि हवेच्या सिलिंडरला कधीही आवळू नका.

शिकंजा नसेल तर पिशव्या. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही तोंडं शिवा आणि चाळलेली कोरडी वाळू भरा, साधारण पाऊण भरेल इतकीच. ठासून भरलेली पिशवी दगडासारखी होते, तिच्यात बंदूक रुतत नाही. पुढची पिशवी स्टॉकच्या (दस्त्याच्या) पुढच्या भागाखाली, मागची बटखाली, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या टोकाखाली. बॅरल किंवा सिलिंडर पिशवीला टेकता कामा नये. टेबल हलणारं नको. प्लॅस्टिकचं टेबल तर मुळीच नको, कडाप्प्याचा ओटा असेल तर सोन्याहून पिवळं. खुर्चीची उंची अशी ठेवा की मान वाकवावी न लागता डोळा पीपसमोर यावा. गाल प्रत्येक वेळी त्याच जागी, आणि ट्रिगर दाबताना बाकी काहीच दाबायचं नाही. पिशवीवरून नीट सवय झालेला माणूस शिकंज्याच्या बराच जवळ जातो. सवय नसलेल्यानं आधी एकाच पेलेटचे काही ग्रुप मारून बघावेत. ते आपसातच लहानमोठे होत असतील तर त्या दिवशी पेलेटची तुलना करण्यात अर्थ नाही.

स्प्रिंग रायफलचं शास्त्र उलटं आहे. तिच्यात छर्रा बॅरलमधून बाहेर पडण्याआधीच पिस्टनचा धक्का बसतो आणि बंदूक मागंपुढं उसळते. तिला आवळून धरलं की ग्रुप उधळतो. स्प्रिंग रायफल शिकंज्यात घालू नका. पिशवीवर पंजा उताणा ठेवा, त्यावर बंदूक सैल टेकवा आणि तिला उसळू द्या. पंजाची जागा मात्र दर शॉटला तीच हवी.

कागद, क्रम आणि दहाचा ग्रुप

टार्गेटच्या जाड कार्डाची कोरी मागची बाजू वापरा. साध्या झेरॉक्सच्या कागदाला भोक पडत नाही, तो फाटतो, आणि फाटलेल्या कडेवरून काही मोजता येत नाही. शिकंजा असेल तर निशाण लागत नाही. बंदूक जिथं मारते तिथं कार्ड सरकवायचं. पिशवीवर असाल तर नेहमीचा काळा गोल हवा, पण साइट मध्यावर आणायचा हट्ट नको. ग्रुप काळ्यात कुठंही पडला तरी चालतो, आपल्याला त्याचा आकार बघायचाय.

पेलेट बदलला की पहिले दहा-पंधरा शॉट मोजू नका. आधीच्या पेलेटचा शिशाचा पातळ थर बॅरलमध्ये असतो, तो बदलायला एवढे शॉट लागतात. बॅरल फेल्टच्या बोळ्यानं साफ केलं असेल तर आणखी थोडे. चाचणीच्या मध्येच साफसफाई करू नका. एकदा सुरुवातीला करा, नाहीतर अजिबात नको.

आता ग्रुप. व्हिडिओत पाच शॉटचे ग्रुप असतात, आपण दहाचे मारायचे. पाचाचा ग्रुप फसवतो. त्याच पेलेटचे पाच-पाचचे ग्रुप एकापाठोपाठ मारले तर एखादा दुसऱ्याच्या दीडपट येणं अगदी नेहमीचं आहे, आणि माणूस नेमका लहान ग्रुप फोटो काढून ठेवतो. दहाचा ग्रुप पाचाच्या ग्रुपपेक्षा सरासरी सव्वापट मोठा येतो, त्यामुळं बघायला कमी देखणा, पण भरवशाचा जास्त. एकाचे पाचाचे आणि दुसऱ्याचे दहाचे ग्रुप शेजारी ठेवून तुलना करू नका, ती कधीच बरोबर होणार नाही.

प्रत्येक नमुन्याचे दहाचे निदान तीन ग्रुप. ते सलग नको. चार नमुन्यांना क, ख, ग, घ नाव दिलं तर पहिली फेरी क-ख-ग-घ, दुसरी घ-ग-ख-क, तिसरी पुन्हा सरळ. दुपार चढत जाते, सिलिंडरचा दाब उतरत जातो, माणूस दमतो; उलटसुलट क्रमानं हे सगळं साऱ्या नमुन्यांत वाटलं जातं. पेलेट दर फेरीला बदलत असल्यानं ते न मोजायचे दहा-पंधरा शॉट दर वेळी मारावे लागतात. दाणे जास्त जातात, इलाज नाही.

पिशवीवरून मारत असाल तर आणखी एक करा. दाणे मोजून बाटल्यांच्या टोपणांत दुसऱ्याला काढायला लावा आणि कोणतं टोपण कोणाचं ते त्यानं तुम्हाला सांगू नये. महागडी डबी आहे हे कळलं की हात आपोआप सावध होतो, ट्रिगर हळू सुटतो. बंदुकीला किंमत कळत नाही, आपल्याला कळते.

मोजायचं कसं

सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा व्हर्नियरमध्ये धरा. आलेल्या आकड्यातून एका भोकाचा व्यास वजा केला की केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर मिळतं. पुस्तकी हिशेबानं ४.५ मिमी वजा करायचे, पण छर्रा गेल्यावर कार्ड किंचित आक्रसतं आणि भोक लहान भरतं. म्हणून त्याच कार्डावर कोपऱ्यात एकच शॉट मारा, तो मोजा आणि तेवढं वजा करा.

चांगल्या मॅच रायफलचा, मानवलेल्या पेलेटचा दहाचा ग्रुप बाहेरून बाहेर साडेपाच मिमीच्या आत बसतो. म्हणजे दहा दाणे जवळजवळ एकाच भोकातून. क्लबच्या जुन्या रायफलकडून ही अपेक्षा धरू नका. तिथं साडेसहा आले तरी खूप झालं.

लांब गेलेला एखादा दाणा वगळायचा मोह सगळ्यांना होतो. "तो माझा होता" असं म्हणतात. शिकंज्यात तो तुमचा असूच शकत नाही. पिशवीवर तुम्हाला ट्रिगर सुटण्याच्या क्षणीच कळलं असेल आणि कार्ड बघण्याआधी तुम्ही बोललात, तरच तो वगळा आणि बदली शॉट मारा. कार्ड बघून वगळलेला शॉट म्हणजे शुद्ध फसवणूक. स्पर्धेत साठापैकी साठ मोजतात.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर हे सगळं सोपं होतं, पण स्क्रीनवरची बेरीज बघू नका. ग्रुप मध्यावर नसेल तर उत्तम पेलेटचीही बेरीज वाईट येते. शॉटच्या ठिपक्यांचा पसारा बघायचा.

वहीत काय लिहायचं: तारीख, वेळ, बंदुकीचा नंबर, सिलिंडरचा दाब, पेलेटचं नाव, हेड साइझ, लॉट, तिन्ही ग्रुपचे आकडे, आणि शेरा. कार्डं फेकू नका, मागं लिहून त्याच वहीत चिकटवा.

आकडे वाचताना

समजा बाहेरून बाहेर मोजून क ची सरासरी ५.६ मिमी आली आणि ख ची ५.८. हे दोघं बरोबरीत आहेत. पुढच्या आठवड्यात क्रम उलटा येऊ शकतो. ग चे ग्रुप ६.९, ७.१, ६.८ असे असतील तर मात्र ग गेला. तीन ग्रुपांवरून हरणारे नक्की ओळखता येतात, जिंकणारा ओळखणं अवघड. त्यामुळं बरोबरीतल्यांतून निवडताना सरासरीपेक्षा सगळ्यात वाईट ग्रुप बघा. ५.२, ५.३, ६.४ यापेक्षा मला ५.७, ५.६, ५.८ आवडेल. तिथंही बरोबरी असेल तर जो नियमित आणि स्वस्त मिळतो तो घ्या.

ग्रुपचा आकारही बोलतो. उभा लांबट ग्रुप म्हणजे वेग कमीजास्त होतोय. छर्रा सुमारे १७५ मीटर प्रतिसेकंद वेगानं निघतो आणि १० मीटर जाईपर्यंत साधारण १७ मिमी खाली येतो. वेगात नुसता २ मीटरचा फरक पडला तरी कागदावर ०.४ मिमीचा फरक दिसतो. उभा ग्रुप एकाच नमुन्यात असेल तर दोष पेलेटचा, सगळ्यांत असेल तर बंदुकीचा रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा उतरलेला दाब. आडवा लांबट ग्रुप बहुधा शिकंजा ढिला असल्याचा, नाहीतर वाऱ्याचा. दोन वेगळे घोळके पडले तर साइटचा किंवा बॅरलचा स्क्रू बघा. सगळेच नमुने वाईट आले तर डब्या बदलत बसू नका. बॅरलच्या तोंडाशी खरचटलंय का, आत शिसं साचलंय का, हे जाणकाराला दाखवा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं

पत्र्याच्या शेडमधल्या रेंजवर मे महिन्यात चाचणी करू नये, एवढं सांगून थांबलो असतो, पण शाळेच्या सुट्ट्या तेव्हाच असतात. तर तेव्हा दुपारऐवजी सकाळी सातला बसा आणि दहाच्या आत आटपा. कूलरचा झोत लेनला आडवा असेल तर तो बंद करा. अर्ध्या ग्रॅमचा दाणा त्यानं सरकतो, आणि कूलर चालू-बंद होत राहिला तर एकाच ग्रुपात दोन्ही प्रकार येतात. लाइट गेली आणि टार्गेटवरचा उजेड बदलला की पिशवीवरून मारणाऱ्याचा ग्रुप वर-खाली होतो, तेव्हा तो ग्रुप सोडून द्या आणि लाइट आल्यावर नव्यानं मारा.

सिलिंडर गाडीत विसरू नका. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर डिकीत ६० अंशांपर्यंत तापला तर दाब २२० च्या वर जातो. बहुतेक सिलिंडर २०० साठीच बनवलेले असतात. सिलिंडरवर छापलेली मुदतही बघून घ्या, जुन्या बंदुकीबरोबर आलेला असेल तर आवर्जून.

किती डब्या घ्यायच्या

निवडलेल्या पेलेटनं आधी खांद्यावरून एक पूर्ण ६० शॉटचा सामना मारा, स्पर्धेच्या वेळेत. काही अडचण नसेल तर त्याच लॉटच्या डब्या मागवा, आणि उशीर करू नका. लॉट संपला की परत येत नाही.

अख्ख्या वर्षाचा साठा करायची गरज नाही. रोज साठ शॉट, आठवड्याचे पाच दिवस धरले तरी महिन्याला तेराशेच्या आसपास दाणे जातात, म्हणजे पाचशेच्या अडीच डब्या. हे सगळं मॅच पेलेटनं करणं बहुतेकांच्या घरच्यांना झेपत नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. सरावाला स्वस्त डबी, स्पर्धेला तपासलेली. एका स्पर्धेला साइटर (सुरुवातीचे न मोजले जाणारे शॉट) धरून ऐंशीच्या आसपास दाणे लागतात, म्हणजे एक डबी सहा स्पर्धांना पुरते. जिल्हा, विभाग, राज्य आणि एखादी खुली स्पर्धा, एवढं वर्षभर खेळणाऱ्याला तपासलेल्या लॉटच्या दोन-तीन डब्या पुष्कळ झाल्या. फक्त सरावाचा आणि स्पर्धेचा पेलेट कागदावर एकाच जागी पडत नाहीत. स्पर्धेच्या आठवडाभर आधी तपासलेल्या डबीवर या, साइटचे किती क्लिक बदलले ते डबीच्या झाकणावर लिहा, आणि बॅरलला तो पेलेट बसू द्या.

डब्या कोरड्या जागी, झाकण लावून ठेवा. दमट कपाटात शिशावर पांढरी भुकटी धरते, असे दाणे वापरू नयेत आणि हातही लावू नये. क्लबची बंदूक असेल तर कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: बंदूक नंबर अमुक, पेलेट अमुक, हेड साइझ अमुक, लॉट अमुक, तपासल्याची तारीख. पुढच्या वर्षी नवा लॉट आला की तोच कागद खोडून नवा लिहायचा, मधल्या काळात बॅरल बदललं किंवा बंदूक दुरुस्तीला जाऊन आली तर त्याच दिवशी.